नोव्हाचा रणसन्मान नेमका कुणाचा?

वाशीम, पुसद, उमरखेड, हिंगोली या पट्ट्यातले असाल तर नोव्हाचा किल्ला आणि नोवसाजी नाईक ही जोडी तुमच्या कानावर आली असेल. ब्रिटिश हिंदुस्थानी लष्कराच्या याद्यांतही नोव्हा सापडतं, पण तिथे नाईकांचा पत्ता नसतो. तिथे नोव्हा हा पलटणीला मिळालेला रणसन्मान आहे, निशाणावर मिरवायचा. एकाच वेढ्याच्या या दोन आठवणी, आणि माझं म्हणणं असं की दोन्ही अपुऱ्या आहेत.

आधी घटना थोडक्यात सांगतो. दुसरा बाजीराव १८१८ च्या जूनमध्ये इंग्रजांना शरण गेला. युद्ध संपलं, पण दक्षिण वऱ्हाडातले हटकर नाईक आपापल्या गढ्या धरून होते. त्यांच्यावर निजामाची फौज गेली. फौज निजामाची, पण अधिकारी इंग्रज. सेनापती मेजर पिटमन. उमरखेडजवळ लढाई झाली, नोवसाजी मागे हटून नोव्हात शिरले आणि जानेवारी १८१९ मध्ये किल्ला हल्ला करून घेतला गेला. नोवसाजींना हैदराबादला नेलं, तिथेच त्यांचा अंत झाला.

आता हे लिहिलं कुणी, ते पाहा. आल्फ्रेड लायलचं वऱ्हाडचं गॅझेटिअर १८७० चं. लायल चांगला लिहितो, हे मान्य करायला हवं. नाईक चिवटपणे लढले हेही तो दडवत नाही. पण त्याची चौकट कायदा-सुव्यवस्थेची आहे: एका बाजूला दंगेखोर नाईक, दुसऱ्या बाजूला त्यांना वठणीवर आणणारी शिस्तीची फौज. मुलूख कुणाचा, वसुली कोण करत होतं, रोजच्या भाकरीसाठी माणसं कुणाच्या पदरी राहत होती, हे प्रश्न या चौकटीत येतच नाहीत. आणि पुढे आपण मराठीत जे स्थानिक इतिहास लिहिले त्यातले कितीतरी याच गॅझेटिअरच्या भाषांतरावर उभे आहेत. ‘बंडखोर’ काढून ‘क्रांतिकारक’ घातलं की काम झालं असं आपल्याला वाटतं. वाक्याचा सांगाडा लायलचाच राहतो!

दुसरं पुस्तक मेजर आर. जी. बर्टनचं, हैदराबाद कंटिन्जंटचा इतिहास, १९०५ चं. कंटिन्जंट म्हणजे हीच निजामाच्या नावाची, इंग्रजांच्या हुकमातली फौज. बर्टन स्वतः तिच्यातल्या रसेलच्या पलटणीचा अधिकारी. पलटणीच्या माणसाने लिहिलेल्या इतिहासाचे फायदे असतात, हालचाली आणि तारखा नीट मिळतात. पण अशा इतिहासांची एक ठरलेली रीत आहे. अधिकारी नावानिशी येतो, शिपाई आकड्यात येतो आणि शत्रू फक्त मेलेल्यांच्या आकड्यात.

तुम्ही म्हणाल, वाशीमचा यात संबंध काय? पहिला संबंध पैशाचा. या फौजेच्या पगाराची थकबाकी निजामाच्या डोक्यावर चढत गेली आणि १८५३ च्या तहाने तिच्या खर्चासाठी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. वाशीमच्या कुणब्याने भरलेला शेतसारा कंटिन्जंटच्या पगाराला लागू लागला. उमरखेड तेव्हा पुढच्या वाशीम जिल्ह्यातच मोडायचं. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडला तेव्हा पुसद तालुका यवतमाळकडे गेला. म्हणजे ज्या मुलखात नोवसाजी लढले, त्याच मुलखाने पुढची पन्नास वर्षं त्यांना हरवणाऱ्या फौजेचा खर्च उचलला. सैनिकांच्या स्मरणाबद्दल बोलताना हा सारा भरणारा माणूस कुणीच मोजत नाही.

दुसरा संबंध आजच्या लष्कराशी आहे. कंटिन्जंटच्या पलटणी १९२२ मध्ये १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाल्या. त्यातल्या एकीच्या नावात ‘बेरार’ होतं. २७ ऑक्टोबर १९४५ ला रेजिमेंटचं नाव कुमाऊं झालं. ३ नोव्हेंबर १९४७ ला बडगामला लढताना पडलेले मेजर सोमनाथ शर्मा, पहिले परमवीरचक्र विजेते, ते याच रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनचे. या बटालियनचं मूळ अचलपूरच्या नवाब सलाबतखानाच्या फौजेपर्यंत जातं. वऱ्हाडात हे किती जणांना माहीत आहे?

आणि नोव्हाच्या सन्मानाचं काय झालं? हिंदुस्थान जिंकून घेताना मिळालेले सन्मान स्वतंत्र भारताच्या लष्कराने तिरस्करणीय ठरवले. त्यांचा उत्सव करायचा नाही. निर्णय बरोबरच आहे. फक्त त्यामुळे नोव्हा यादीतून बाजूला पडलं आणि किल्ल्याच्या आत-बाहेर मेलेल्यांना मात्र काहीच मिळालं नाही. इकडे आपण नोवसाजींची जयंती, मिरवणूक, पुतळा यांबद्दल बोलतो. त्यांच्याबरोबर आत कोण होतं, हे क्वचितच विचारतो. त्यात अरब शिपाईही होते. बाहेरच्या फौजेत उत्तर हिंदुस्थानातून भरती झालेले खूप. नायक एक, पलटण एक, बाकी सगळे बिननावाचे.

गॅझेटिअरमध्येच हटकरांविषयी एक नोंद आहे, मला ती त्या सगळ्या मजकुरातली सर्वात मोलाची वाटते. लढाईत किंवा शिकारीत मेलेल्याला अग्नी द्यायचा. अंथरुणात मेला तर बसवून पुरायचं. म्हणजे लढून मेलेल्याला वेगळा मान द्यायची त्यांची स्वतःची रीत होती, आणि ती साध्या गड्यालाही लागू होती. आपल्या गावोगावच्या वीरगळांचंही तसंच. बहुतेकांवर नाव नसतं, पण दगड त्या एका माणसासाठी उभा असतो. निशाणावरच्या ‘नोव्हा’ या शब्दात अशी एकही व्यक्ती नाही.

शिपायांच्या खुणा शोधायच्या तर हिंगोलीला जा. कंटिन्जंटची छावणी तिथे होती. पलटण, रिसाला, तोफखाना, सदर बाजार ही वस्त्यांची नावं अजून तोंडात आहेत, आणि पेन्शनपुरासुद्धा. नोकरी संपवून, पेन्शन घेऊन जे इथेच राहिले त्यांची वस्ती. माझ्या प्रबंधाचं पुढचं प्रकरण किल्ल्यावर नसून या पेन्शनपुऱ्यावर आहे. तुमच्या घरी पणजोबांचा पेन्शनचा कागद, बिल्ला, जुनं खरेदीखत असं काही असेल तर टाकून देऊ नका, आधी मला दाखवा.