हाताची तालीम आणि चित्राचा इतिहास

महाराष्ट्रातील शाळांतून चित्रकलेचे जे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, त्याचा दर्जा सामान्यतः समजला जातो तितका कमी नाही, हे आरंभीच नमूद केले पाहिजे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी ग्रेड परीक्षांनी वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांची जी शिस्त लावून दिली, तिच्यामुळे आडगावच्या मुलालाही एक डोळा मिटून, हात ताठ धरून, पेन्सिलीने लोट्याची उंची मापता येऊ लागली, आणि भांड्याचे गोल तोंड बाजूने पाहताना लंबवर्तुळ का दिसते हे कागदावर उमगू लागले. उणीव आहे ती दुसरीकडे. पाहण्याची ही रीत कोठून आली, तिच्याशी कोणी व का झगडा मांडला आणि त्या झगड्यातून आधुनिक चित्रकला कशी जन्मास आली, ही हकीकत या मुलांच्या कानावर सहसा जातच नाही.

क्वचित जाते तेव्हा ती सनावळीच्या स्वरूपात जाते. दृक्‌प्रत्ययवाद, घनवाद, अतिवास्तववाद अशी वादांची मालिका, प्रत्येकापुढे दोन नावे आणि एक साल, एवढ्यावर काम भागते. आणि चित्र न पाहताच चित्राविषयी उत्तर लिहिण्याचा शिरस्ता विद्यार्थ्याच्या अंगी कायमचा मुरतो.

वास्तविक आधुनिक कलेत शिरण्याचा दरवाजा ग्रेड परीक्षेच्या स्थिरचित्रातच आहे. सेझानचे ‘सफरचंदांची टोपली’ हे 1893 च्या सुमाराचे चित्र घ्यावे. त्यातील बाटली कललेली आहे. टेबलाची पुढची कड कापडाच्या डाव्या बाजूस जेथे दिसेनाशी होते, तिच्याशी उजव्या बाजूची कड जुळत नाही. फळे घरंगळून खाली येतील असे वाटते. ज्या मुलाने वर्षभर लोटा, फळे आणि मागचे सुरकुतलेले कापड नेमस्तपणे रेखाटले आहे, त्याला हे चुकीचे वाटेल, आणि तसे वाटणे हीच खरी सुरुवात होय. सेझानने एकाच जागी नजर खिळवून ठेवण्याचे नाकारले आणि निरनिराळ्या क्षणी, निरनिराळ्या कोनांतून पाहिलेले एकाच पटावर आणले, हे शिक्षकाने तेथेच बोट ठेवून दाखविले, तर 1907 नंतर पिकासो आणि ब्राक यांनी वस्तूचे पैलू का सुटे केले हे सांगण्यास निराळ्या व्याख्यानाची गरज राहणार नाही.

हा इतिहास परक्या मुलखाचा आहे, हा आक्षेपही टिकणारा नाही. 1894 मध्ये मुंबईत राजा रविवर्म्यांचा छापखाना निघाला आणि पाश्चात्य तैलचित्रणाच्या वळणाच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतीवर आल्या. यथार्थदर्शन आपल्या सामान्य माणसाच्या डोळ्यांत मुरले ते या छापील चित्रांमधून. पुढे गोव्यातील साळगावात जन्मलेले सूझा, तसेच रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे यांनी 1947 मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. पोटासाठी मुंबईत घरगड्याचे काम केलेल्या आरांनी फुले, फळे आणि भांडी यांचीच स्थिरचित्रे जन्मभर ज्या जोमाने रंगविली, तो जोम शाळकरी मुलाला समजावून देण्यास कोणत्याही वादाचे नाव लागत नाही.

अडचण खरी येते ती नागपूरला जन्मलेल्या अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्यापाशी. ‘यात काय काढले आहे?’ असे मूल विचारते, आणि ‘तुला वाटेल ते’ असे आपण उत्तर देतो. या उत्तराइतके कलाशिक्षणाचे नुकसान दुसऱ्या कशानेही झालेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यात उदारपणापेक्षा टाळाटाळ अधिक आहे. गायतोंडे रोलरने आणि रंगसुरीने रंगाचे थर चढवीत, काही खरवडून काढीत. एखाद्या थराखालून दुसरा उजळलेला दिसतो, आकार तरंगतात आणि विरतात. हे पाहता येते, दाखविता येते, आणि रोलर मुलाच्या हाती देऊन करूनही घेता येते.

मूळ कृती खेड्यातील मुलांना कोठे पाहावयास मिळणार, असे विचारले जाते. सातारा जिल्ह्यातील औंध येथे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या भवानी संग्रहालयात रविवर्म्यांची चित्रे आहेत आणि हेन्री मूर यांचे माता व बालक हे शिल्पही आहे. शाळांच्या सहली किल्ल्यांवर आणि देवस्थानांना जातात, त्यांनी तेवढीच वाट वाकडी करून औंधास जाण्याची तजवीज केली, तर यथार्थदर्शी चित्र आणि आधुनिक शिल्प एकाच छताखाली, एकाच दुपारी पाहता येईल.

राहिला परीक्षेचा प्रश्न, कारण दहावीच्या वाढीव गुणांमुळे पालकांचे लक्ष तेथेच असते. इंटरमिजिएटच्या स्थिरचित्राच्या उत्तरपत्रिकेसोबत दोन चित्रे छापून द्यावीत, एक यथार्थदर्शी व एक आधुनिक, आणि चित्रकार कोठे उभा राहून पाहत आहे, प्रकाश कोणत्या बाजूने येतो, कोणती कड मोडली आहे, एवढेच विद्यार्थ्याच्या शब्दांत दहा ओळींत मागावे. चित्रकाराचे नाव किंवा साल विचारू नये.