मूठ आणि बांगडी

अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्समध्ये मुसलमान पात्र आले की ते कोणत्या बाजूने येणार, हे पान उलटण्याआधीच कळायचे. बहुधा ते वाळवंटातून यायचे आणि हातात बंदूक असायची. नाहीतर ते बळी म्हणून यायचे. २००२ साली ग्रँट मॉरिसन आणि इथन व्हॅन स्कायव्हर यांनी 'न्यू एक्स-मेन'मध्ये 'डस्ट' आणली. सोराया कादिर हे तिचे नाव. अफगाणी मुलगी, पायघोळ काळ्या वस्त्रात, स्वतःच्या शरीराची वाळू करू शकणारी. हेतू वाईट नव्हता. पण तीही प्रथम भेटते ती गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या तावडीतून वुल्व्हरिनने सोडवलेली मुलगी म्हणून. म्हणजे वीरांगना होण्याआधी तिला कुणीतरी वाचवावे लागले. पुढे २००६ मध्ये कुवेतचे मानसशास्त्रज्ञ नाइफ अल-मुतावा यांनी 'द ९९' सुरू केले. अल्लाहच्या नव्याण्णव नावांतून सूचित होणारा एकेक गुण एकेका वीराला, अशी ती योजना होती. कल्पना थोर, पण गुण आधी ठरले आणि माणसे मागाहून त्यांत बसवली गेली, असे आम्हाला वाचताना सतत वाटत राहिले.

या पार्श्वभूमीवर फेब्रुवारी २०१४ मध्ये मार्व्हलने 'मिस मार्व्हल'चा नवा पहिला अंक काढला. त्याच्या पहिल्याच पानावर नायिका काय करते? जर्सी सिटीतल्या एका दुकानात बेकनच्या सँडविचचा वास घेत उभी राहते. खात नाही, नुसता वास घेते. हराम काय, हलाल काय हे तिला पक्के ठाऊक आहे, पण नाक तिचे ऐकत नाही. मुसलमान घरात वाढलेल्या कुणालाही या पानाचा खरेपणा समजावून सांगावा लागणार नाही.

ही कमाला खान. (मराठी वाचक सवयीने 'कमला' वाचेल, तसे नाही. नावाचा अर्थ पुढे येईलच.) वय सोळा, आईबाप कराचीहून येऊन न्यू जर्सीत स्थिरावलेले. अब्बू युसूफ बँकेत नोकरी करतात. अम्मी मुनीबा काळजी करतात, हाच त्यांचा पूर्णवेळ व्यवसाय. भाऊ आमिर दाढी राखलेला, नमाजी आणि बेकार. जेवणाच्या टेबलावर त्याची दुआ लांबत चालली की अब्बू त्याला नोकरीवरून टोमणा मारतात. मैत्रीण नाकिया डोक्यावर स्कार्फ घेते, आणि शाळेतली झोई नावाची गोरी मुलगी अगदी कळवळ्याने तिला विचारते, की घरच्यांनी जबरदस्ती तर केली नाही ना? नाकिया सांगते की उलट तिच्या वडिलांनाच तो नको आहे. हे चित्र रंगवणाऱ्यांना मोहल्ला माहीत आहे, हे चार पानांत कळते.

आणि तो त्यांना माहीत होताच. साना अमानत ही मार्व्हलमधील संपादिका न्यू जर्सीतल्या पाकिस्तानी स्थलांतरितांच्या घरात वाढलेली. आपल्या लहानपणाच्या गोष्टी ती सहकारी संपादक स्टीफन वॅकर यांना सांगत असताना या पात्राचे बीज पडले. लेखनासाठी त्यांनी जी. विलो विल्सन यांना बोलावले. विल्सन या अमेरिकन लेखिकेने तरुणपणी इस्लाम स्वीकारला आणि काही वर्षे कैरोत काढली. 'अलिफ द अनसीन' या त्यांच्या कादंबरीला २०१३ चा वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला. चित्रे एड्रियन अल्फोना यांची. अल्फोनांच्या चित्रचौकटी निवांतपणे पाहाव्यात अशा असतात. कोपऱ्यातल्या पाट्या आणि डब्यांवरची नावे यांत बारीक विनोद दडलेला असतो, आणि कमालाचे नाक, कोपरे, गुडघे हे सोळा वर्षांच्या मुलीचेच वाटतात, शिल्पासारखे घोटलेले नसतात. विल्सनबाईंच्या शब्दांचे कौतुक सगळ्यांनी केले. आमच्या मते या कॉमिक्सचे निम्मे श्रेय अल्फोनांच्या त्या बेढब, प्रेमळ रेषेचे आहे.

पहिल्या अंकाचा शेवट आम्हाला संपूर्ण मालिकेचा कणा वाटतो. घरातून चोरून पार्टीला गेलेली कमाला रात्री एका गूढ धुक्यात सापडते. त्या धुक्यात तिला तिचे दैवत, कॅप्टन मार्व्हल, आकाशातून उतरताना दिसते. आणि ही सोनेरी केसांची अमेरिकन वीरांगना अमीर खुसरोच्या वसंतगीताचे शब्द बोलत असते! आपल्या मनातले मोठेपण आपल्या आईच्या भाषेत बोलावे, ही इच्छा इतक्या कमी शब्दांत आम्ही दुसरीकडे वाचलेली नाही. तुला काय हवे, असे विचारल्यावर कमाला म्हणते, तुझ्यासारखे व्हायचे. धुके विरते, आणि ती खरोखरच गोरी, उंच, सोनेरी केसांची होऊन बाहेर पडते.

आणि मग? बूट चावतात. केस डोळ्यांवर येतात. तोकडा पोशाख भलतीकडे काचतो. जे रूप मिळाले की सगळे प्रश्न सुटतील असे वाटत होते, त्यात धड चालताही येत नाही. पुढच्याच अंकात झोई पाण्यात बुडत असते, तीच आपुलकीने अपमान करणारी झोई. कमालाला अब्बूंच्या तोंडी नेहमी असणारी कुरआनची आयत आठवते, एका जिवाला वाचवणे म्हणजे अवघ्या मानवजातीला वाचवणे, या आशयाची. ती हात मोठा करते, डेऱ्याएवढा, आणि झोईला पाण्याबाहेर काढते. आयत इथे भिंतीवर टांगलेली नाही. ती एका मुलीला कामाला लावते. दीन हा पेहराव की वर्तन, असा वाद आपल्याकडे चर्चासत्रांत झडत असतो. इथे तो एका चित्रात, वाद न घालता मिटतो.

तिची शक्तीही म्हणूनच महत्त्वाची. कमाला आकार बदलते. लहान होते, लांब होते, मूठ घराएवढी करते. दोन संस्कृतींत वाढणाऱ्या मुलीला रोज हेच करावे लागते. शाळेत एक आकार, घरात दुसरा. कॉमिक्सने त्याचे रूपक केले आणि हळूहळू तिला स्वतःच्या चेहऱ्यावर परत आणले. पोशाखही ती आपल्या बुर्किनीचाच करते. रात्री-अपरात्री बाहेर असते म्हणून घरचे तिला मशिदीत शेख अब्दुल्लांकडे पाठवतात. हेच ते शेख, ज्यांना तिने पडद्यामागून बसल्या जागी प्रश्न विचारून भंडावले होते. वाचकाला वाटते, आता दरडावणे आले. शेख दरडावत नाहीत. जे करते आहेस ते सांगणार नसशील तर निदान धैर्याने, सचोटीने, दयेने आणि स्वाभिमानाने कर, आणि एखादा गुरू शोध, एवढेच ते सांगतात. मौलवी म्हटला की खलनायक किंवा विदूषक, या साच्याची आपल्या मराठी कथा-नाटक-चित्रपटांतही कमतरता नाही. त्यांतून बाहेर पडलेला हा मौलवी जर्सी सिटीत भेटावा, याचे आम्हाला बरेही वाटले आणि थोडे लागलेही.

या पुस्तकाच्या पहिल्या खंडाला २०१५ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत बसगाड्यांवर मुसलमानांविरुद्ध विखारी जाहिराती लागल्या, तेव्हा कुणीतरी त्यांच्यावर कमालाची चित्रे चिकटवली. पुरस्कारापेक्षा ही पावती मोठी. इथे एक जुनी गोष्ट आठवते. १९३८ मध्ये सुपरमॅन निर्माण करणारे जेरी सीगल आणि जो शुस्टर ही ज्यू स्थलांतरितांची मुले होती. जेकब कुर्ट्झबर्गचा जॅक कर्बी झाला, स्टॅन्ली लीबरचा स्टॅन ली झाला. मुखवटा आधी त्यांनी स्वतः घातला, मग नायकांना दिला. कमालाही मुखवटा घालते, पण तिला घडवणाऱ्या अमानतबाईंना अंकावर आपले नाव बदलून छापावे लागले नाही.

जून २०२२ मध्ये याच कथेची सहा भागांची मालिका पडद्यावर आली. मुख्य लेखिका बिशा के. अली, दिग्दर्शनात आदिल एल अर्बी व बिलाल फल्लाह यांच्यासोबत मीरा मेनन आणि शर्मीन ओबेद-चिनॉय. कराचीत जन्मलेली, कॅनडात वाढलेली इमान वेलानी कमाला झाली आहे, आणि तिच्याविषयी तक्रार करणारा माणूस आम्हाला अजून भेटायचा आहे. झी टीव्हीवरच्या 'साप सीढी'मुळे आपल्याला ठाऊक असलेले मोहन कपूर अब्बू झाले आहेत, तर मुंबईच्या झेनोबिया श्रॉफ अम्मी. पडद्याने जे दिले ते कागदाला देता येत नाही: बोलीचा सूर, लग्नातली धांदल, मशिदीच्या बायकांच्या बाजूची पडझड. नाकिया मशिदीच्या मंडळाची निवडणूक लढवते. आणि तिचे महागडे बूट मशिदीतून चोरीला जातात! जुम्म्याला अनवाणी घरी आलेल्या प्रत्येक वाचकाने इथे मालिकेला मनोमन एक गुण जास्त द्यावा. सरकारी अधिकारी मशिदीत शिरतात तेव्हा त्यांना बूट काढायला सांगितले जाते आणि झडतीचे वॉरंट मागितले जाते. हा प्रसंगही विनोदाच्या अंगाने जात जात नेमका बोचतो.

पण मूठ गेली. मार्व्हलच्या मोठ्या चित्रपट-पटाशी जुळवून घेण्यासाठी आकार बदलण्याची शक्ती काढून टाकली गेली आणि त्या जागी पणजीची बांगडी आली. ती घातली की हातातून प्रकाशाचे घट्ट तुकडे निघतात. हातात बांगड्या भरल्या आहेत काय, असा टोमणा मारणाऱ्या आपल्या भाषेला ही बांगडी चपराक आहे, हे मान्य. तरीही नुकसान झाले ते झालेच. गोरी होण्याचा तो प्रसंग पडद्यावर उरत नाही, कारण शरीर बदलतच नाही. लाज, हेवा, आरशापुढची खंत हे सारे बाजूला राहते आणि प्रश्न उरतो तो वंशावळीचा: पणजी कोण होती, कुठून आली?

उत्तर येते, जिन्न. दुसऱ्या मितीतून हद्दपार झालेली ही मंडळी, आणि कमाला त्यांच्या रक्ताची. जिन्न आपल्या श्रद्धेतले आहेत, त्यावर आमचा आक्षेप नाही. आक्षेप असा, की पाश्चात्त्य पडद्यावर मुसलमान मुलीला सामर्थ्य मिळायचे तर ते अखेर अल्लाउद्दीनच्या दिव्याच्या आसपासच मिळावे, ही सवय जुनी आहे. लेखकांनाही ते टोचले असावे. कराचीतला वलीद (हे काम फरहान अख्तरने केले आहे) म्हणतो, की थॉर हिमालयात उतरला असता तर लोकांनी त्यालाही जिन्नच म्हटले असते. उत्तर चतुर आहे, पण ते नंतर सुचल्यासारखे वाटते. शेवटच्या भागात तर जनुकांचा आणखी एक खुलासा चिकटवला आहे. बांगडी, जिन्न, जनुके: एका मुलीला तीन-तीन कारणे! कॉमिक्समध्येही तिच्या रक्तात काही वेगळे होतेच, हे सांगायला हवे. पण तिथे कथा त्यावर रेंगाळली नाही, आयतेकडे गेली. मालिकेत चांगुलपण हे असण्यात नसून करण्यात आहे, असे शेख अब्दुल्ला सांगतात, आणि कथानक मात्र ती जन्माने कोण आहे हेच शोधत राहते.

शेवटच्या भागात गच्चीवर अब्बू तिला नावाचा अर्थ सांगतात. अरबीत पूर्णत्व, उर्दूत कमाल, म्हणजे आश्चर्य, म्हणजेच 'मार्व्हल'. तिथे मात्र आम्ही निमूटपणे हरलो. वीराचे नाव बापाने ठेवलेल्या नावातूनच निघावे, हे मूळ कॉमिक्सलाही सुचले नव्हते.

नंतरचा व्यवहार फारसा सुखावह नाही. मे २०२३ मध्ये मार्व्हलने कमालाला मारले, आणि तेही 'अमेझिंग स्पायडर-मॅन' या दुसऱ्याच्या मासिकात. तिच्या स्वतःच्या पानांवर मरणेही तिच्या वाट्याला आले नाही. जुलैत तिला म्यूटंट म्हणून जिवंत केले, म्हणजे पडद्यावरच्या कमालाशी कागदावरची जुळली. 'द मार्व्हल्स' हा चित्रपट त्या नोव्हेंबरात आला आणि मार्व्हलच्या या चित्रपटमालिकेतला सर्वांत कमी कमाई करणारा ठरला. पुनर्जन्मानंतरच्या अंकांचे लेखन साबिर पिरझादांच्या जोडीने खुद्द इमान वेलानीने केले, एवढाच त्यातला दिलासा.

एक गोष्ट राहिली, आणि ती आमच्या वाचकांसाठी महत्त्वाची. ओबेद-चिनॉय यांनी दिग्दर्शित केलेल्या पाचव्या भागात १९४७ ची कराचीची शेवटची गाडी आहे. फलाटावर हरवलेली लहान मुलगी, म्हणजे कमालाची नानी, आणि काळ ओलांडून तिला वाचवायला आलेली नात. फाळणीला घराघरातल्या घुसमटीच्या पातळीवर आणणारा असा भाग हॉलिवूडच्या वीरकथेत यापूर्वी नव्हता. नानीचे बोलणेही लक्षात राहते: पासपोर्ट पाकिस्तानी, मुळे हिंदुस्थानात, मधे रक्ताने आखलेली सीमा. पण ती मुळे हिंदुस्थानात नेमकी कुठे, ते पडदा सांगत नाही. कॉमिक्स सांगते. २०१६ मधील आठव्या अंकाच्या आरंभी कमालाचे पणजोबा-पणजी कराचीसाठी घर सोडतात, आणि ते घर मुंबईत आहे. ज्या मुंबईतून आणि कोकणातून अनेक कुटुंबे बोटीत बसून कराचीला गेली, ज्यांची पत्रे आधी महिन्याला आली, मग ईदला आली, मग थांबली, तीच ही मुंबई. जर्सी सिटीच्या त्या मुलीला कुणी तिचे मूळ गाव विचारले, तर कॉमिक्सप्रमाणे तिचे उत्तर मुंबई असायला हवे. मालिकेने ते गाव पुसले आणि त्याजागी एक निनावी, सुंदर, गुलाबांनी भरलेले खेडे ठेवले.