मिठाला न जागलेला सरदार

नाटककारानें स्वतःच्याच नाटकाच्या आरंभीं वाचकाला ताकीद द्यावी, असा प्रकार वाङ्मयांत विरळाच. नायजेरियाचे नाटककार वोले सोयिंका यांनीं १९७५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘डेथ अँड द किंग्ज हॉर्समन’ या शोकान्त नाटकाला जी छोटी टीप जोडली आहे, तींत त्यांनीं असें बजावलें आहे कीं, हें नाटक दोन संस्कृतींच्या झगड्याचें म्हणून कोणीं वाचूं नये. त्यांतील इंग्रजी अंमल हें केवळ निमित्त आहे. ताकीद इतकी स्पष्ट असूनहि बहुतेक वाचक पहिल्या वाचनांत नेमकें तेंच करतात, आणि त्यांत त्यांचा फारसा दोषहि नाहीं. राजाच्या मागोमाग मरावयास निघालेला एक सरदार, त्याला अडविणारा एक गोरा अंमलदार, आणि त्या अडविण्यांतून ओढवलेला अनर्थ, एवढें कथानक ऐकल्यावर दुसरें कांहीं सुचणें कठीणच. त्यांतून आपल्याकडील वाचकाला तर सतीच्या चालीची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. म्हणून या नाटकाचा खरा विषय कोणता, आणि त्यापुढें आपल्या सुधारकी मनानें कोणती भूमिका घ्यावी, या दोन प्रश्नांचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

सोयिंका यांचा जन्म १९३४ सालीं नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागांतील अबेओकुटा येथें योरुबा कुटुंबांत झाला. १९८६ सालीं वाङ्मयाचें नोबेल पारितोषिक मिळविणारे ते पहिले आफ्रिकी लेखक होत. प्रस्तुत नाटक त्यांनीं इंग्लंडांत केंब्रिज येथें असतांना लिहिलें, आणि १९७६ सालीं इफे विद्यापीठांत आपल्या देखरेखीखालीं रंगभूमीवर आणलें. त्याच्या मुळाशीं एक खरी घटना आहे. ओयो या जुन्या योरुबा राज्याचा अधिपति, ज्याला ‘अलाफिन’ म्हणतात, १९४४ च्या अखेरीस वारला. रूढीप्रमाणें त्याच्या पागेच्या मुख्य सरदारानें त्याच्या पाठोपाठ परलोकीं जावयाचें होतें. १९४५ च्या जानेवारींत त्या सरदारानें मरणाची तयारी चालविली असतां इंग्रज अंमलदारानें त्याला अटक करविली. आणि बापाचें कर्तव्य अपुरें राहिलेलें पाहून त्याच्या धाकट्या मुलानें आपला प्राण दिला. याच घटनेवर डुरो लाडिपो यांनीं १९६४ सालीं ‘ओबा वाजा’ हें योरुबा नाटक लिहिलें होतें. त्यांत अनर्थाचा दोष मुख्यतः परक्या सत्तेकडे जातो. सोयिंकांनीं धाकट्या मुलाच्या जागीं विलायतेंत वैद्यक शिकणारा वडील मुलगा आणला, आणि दोषाचा कांटा परक्याकडून घरच्या माणसाकडे वळविला. नाटकाची सारी थोरवी या एका फिरविण्यांत आहे, असें आमचें मत आहे.

नाटकाचे प्रवेश पांच. पहिल्यांत संध्याकाळीं मोडत आलेल्या बाजारांत एलेसिन हा सरदार भाट व ढोलवाले यांच्यासह प्रवेश करतो. राजाला जाऊन महिना झाला आहे; आज रात्रीं याची पाळी. तो भरघोस वाणीचा, रसिक, बायकांचा आवडता पुरुष आहे. मृत्यूचें बोलावणें आल्यावर शेतकरी, शिकारी, गणिका, सारे ‘मी नव्हे’ म्हणून कसे पळतात, आणि आपण मात्र त्या दूताचें कसें स्वागत केलें, याची तो मोठ्या डौलानें कथा सांगतो. इतक्यांत त्याची दृष्टि एका तरुण मुलीवर पडते. बाजारांतील बायकांची मुख्य जी इयालोजा, तिच्याच मुलाशीं त्या मुलीचा विवाह ठरलेला आहे. तरीहि जगाचा निरोप घेणाऱ्याला ‘नाहीं’ कसें म्हणावें, या धर्मसंकटांत इयालोजा त्याची मागणी मान्य करते. मात्र जातांना ती त्याला सावध करते. शोकान्तिकेचें बीज येथेंच पडतें, आणि तें पडतें तेव्हां रंगभूमीवर एकहि गोरा माणूस आलेला नसतो, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

एलेसिन हा बळी म्हणून निवडलेला कोणी दुबळा मनुष्य नव्हे. त्यानें जन्मभर राजाच्या बरोबरीनें सुख भोगलें. उत्तम अन्न, उत्तम वस्त्र, हवी ती स्त्री, सारें त्याला मागण्याआधीं मिळालें. कारण एक दिवस तो ही सारी रक्कम एका हप्त्यांत फेडणार, अशी गांवाची खात्री होती. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर त्यानें मीठ खाल्लें होतें, आणि प्रश्न होता तो मिठाला जागण्याचा. तिसऱ्या प्रवेशांत ढोलांच्या तालावर तो समाधीसारख्या अवस्थेंत शिरूं लागतो खरा. पण तो पलीकडे पोंचण्यापूर्वीं पोलीस येतात. ते आले नसते तर तो गेला असता काय? शेवटच्या प्रवेशांत, ज्या जागेंत पूर्वीं किनाऱ्याकडे न्यावयाचे गुलाम कोंडीत असत, तेथेंच बेड्यांत पडलेला एलेसिन स्वतःच उत्तर देतो. प्रथम तो गोऱ्याला दोष देतो, मग देवांना. आणि अखेर नव्या वधूजवळ कबूल करतो कीं, या मातीची ओढच आपल्या पायांत जड झाली होती. इयालोजाशीं बोलतांना तर तो याहूनहि खोल जातो: परक्याच्या आडकाठींत आपल्याला देवाचा हात दिसला, म्हणजे सुटकेची सबब हवी होती ती सांपडली. जित समाजाच्या पुढाऱ्याचें याहून निर्भीड परीक्षण आमच्या वाचनांत नाहीं.

एका माणसाच्या कचरण्यानें एवढा प्रलय कां व्हावा, हें समजण्यास योरुबांची विश्वरचना ध्यानांत घ्यावी लागते. त्यांच्या मतें जिवंतांचें जग, पितरांचें जग आणि अजून न जन्मलेल्यांचें जग हीं तिन्ही एकमेकांत गुंतलेलीं आहेत. आणि त्यांच्यामध्यें जो संक्रमणाचा अंधारा पट्टा आहे, तो कोणींतरी इच्छापूर्वक ओलांडीत राहिल्यानेंच त्यांतील दळणवळण चालू राहतें. एलेसिन हा या वाटेवरचा प्रवासी. तो अर्ध्यावर थांबला कीं राजा तिकडे वाट पाहत राहतो आणि इकडे सर्व गांव अधांतरीं लोंबकळतें. आपल्याकडील पितृऋणाची कल्पना ज्याच्या परिचयाची आहे, त्याला ही श्रद्धा अगदींच परकी वाटूं नये.

इंग्रज पात्रांचें चित्र मात्र नाटककारानें हलक्या, उपहासाच्या रंगांनीं काढलें आहे. विलायतेचा राजपुत्र येणार म्हणून भरणाऱ्या सोंगांच्या नाचासाठीं अंमलदार पिल्किंग्ज व त्याची पत्नी जेन हीं जप्त केलेला ‘एगुनगुन’चा, म्हणजे पितरांच्या पूजेंतील पवित्र पोशाख अंगावर चढवितात. त्यांचा मुसलमान हवालदार अमुसा हा तो पाहून थिजतो, आणि मृत्यूच्या वेषांतील माणसाजवळ मृत्यूची वर्दी देण्याचें साफ नाकारतो. धन्याला त्याचें भय हास्यास्पद वाटतें. परंतु खरा सामना होतो तो चौथ्या प्रवेशांत, जेन आणि विलायतेहून परतलेला ओलुंडे यांच्या संवादांत. धोकादायक झालेल्या जहाजासह स्वतःला उडवून देऊन बंदरांतील लोकांस वांचविणाऱ्या एका कप्तानाची हकीगत जेन त्याला सांगते. प्राण असा जाणूनबुजून फेंकून देणें तिला पटत नाहीं. युद्धांतील जखमींची शुश्रूषा करून आलेल्या ओलुंडेला मात्र त्यांत जीवनाचाच गौरव दिसतो. लाखों तरुणांस रणांत धाडणाऱ्या समाजानें एका वृद्धाच्या स्वेच्छामरणाला रानटीपणा म्हणावें, यांतील विसंगति तो न चिडतां उघडी करतो. थोड्याच वेळानें जिवंत बाप समोर आल्यावर तोच शांत तरुण त्याला ओळखण्याचें नाकारतो, आणि बापाची जागा स्वतः भरून काढतो. त्याचें प्रेत पुढ्यांत आल्यावर एलेसिन हातांतील साखळीनेंच आपला गळा आंवळतो. पण वेळ टळून गेलेली असते.

भाषेच्या दृष्टीनेंहि हें नाटक अभ्यसनीय आहे. सोयिंका इंग्रजींत लिहितात. पण एलेसिन, भाट आणि इयालोजा यांच्या तोंडचें इंग्रजी म्हणींनीं, रूपकांनीं आणि सवालजबाबांनीं इतकें भरलेलें आहे कीं, तें योरुबाच वाटावें. उलट ज्यांची ती मातृभाषा, त्या इंग्रजांच्या तोंडीं ती कोरडी, तुटक व कामापुरती उरते. योरुबा भाषेंत स्वराच्या चढउतारावर शब्दाचा अर्थ ठरत असल्यामुळें तेथील ढोल अक्षरशः बोलतो. नाचाच्या रात्रीं दुरून ऐकूं येणारा तो ढोल ओलुंडेला कळतो आणि पिल्किंग्जला नुसता त्रास देतो, एवढ्यांत दोघांमधील सारें अंतर आलें.

आतां दुसरा प्रश्न. थेऊर येथें १७७२ सालीं सती गेलेल्या रमाबाईंची कथा आदरानें सांगणारे आपण, १८२९ च्या सतीबंदीच्या कायद्याबद्दलहि कृतज्ञ आहों. मग पिल्किंग्जनें केलें तें वाईट कां? नाटककाराच्या बाजूनें एक उत्तर असें देतां येईल कीं, एलेसिननें आपल्या मरणाचें मोल आधींच भोगून घेतलें होतें. विधवेला असें कोणतेंच मोल मिळालेलें नसे. हा भेद खरा आहे. पण त्यानें आमचें पूर्ण समाधान होत नाहीं. सतीबंदीच्या मागें राममोहन रॉय यांच्यासारख्या एतद्देशीयांचा आवाज होता. या नाटकांतील बाजारांत मात्र रूढीविषयीं शंका घेणारा एकहि आवाज उठत नाहीं. एका सरदारकुळाचा धर्म हा साऱ्या समाजाचा धर्म म्हणून रंगविला आहे, असा आक्षेप नायजेरियांतील टीकाकार बियोदुन जेयिफो यांनीं घेतला, तो सहज झटकून टाकण्यासारखा नाहीं. त्याला आम्ही एक पुरावा जोडूं इच्छितों. जिला एका रात्रीपुरतें मागून घेतलें आणि त्याच पायीं जिच्या नशिबीं वैधव्य आलें, ती वधू संपूर्ण नाटकांत एक शब्दहि बोलत नाहीं. बाजाराची एकवाक्यता आम्हांस जी इतकी भव्य वाटते, तिची किंमत या मौनानें चुकती केली आहे.

तथापि शेवटची कृति नाटककारानें तिच्याच हातीं ठेवली आहे. सारे बोलणारे थकले असतां ती पुढें होते, मेलेल्या नवऱ्याचे डोळे मिटते, पापण्यांवर माती घालते आणि इयालोजाबरोबर निघून जाते. इयालोजा तिला गेलेल्यांचा नव्हे, येणाऱ्याचा विचार करावयास सांगते. हें येणारें मूल कोणाचा वारसा चालविणार? मोडलेली साखळी तें पुनः सांधणार, कीं आईला जें विचारतां आलें नाहीं तें विचारणार? सोयिंका उत्तर देत नाहींत. थोर नाटकानें तें द्यावें अशी अपेक्षाहि नसते. पण तो प्रश्न ऐकूं आल्यावांचून ज्यानें हें नाटक मिटलें, त्यानें तें अर्धेंच वाचलें असें आम्ही म्हणूं.