एका टेबलावरचे दोन देश

होरेस ओव्हे या त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या दिग्दर्शकाचा ‘प्रेशर’ (१९७५) हा ब्रिटनमधील कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा पहिला पूर्ण लांबीचा कथापट होय. पटकथेत त्याला कादंबरीकार सॅम्युअल सेल्व्हन यांची साथ लाभली आहे.

लंडनमधल्या या कुटुंबातला थोरला कॉलिन त्रिनिदादचा. धाकटा टोनी इंग्लंडातच जन्मलेला. न्याहारीला टोनी आवडीने बेकन-अंडी खातो, आणि थोरला त्याची टर उडवतो. एका आईच्या दोन लेकरांमधला समुद्र एवढ्याशा प्रसंगात दिसून जातो!

टोनीचे गोरे सोबती कामाला लागतात. हा हुशार असूनही दारोदार हिंडतो. इंग्रजांसारखे वागले की ते आपल्याला आपले म्हणतील, ही आईची भाबडी श्रद्धा. पोलीस घराची झडती घेतात, आणि ती श्रद्धा कोसळते.

सभांतील भाषणे थोडी लांबतात, हे खरे. पण ओव्हेने आईची थट्टा केलेली नाही, की थोरल्याचा जयजयकारही केलेला नाही. पोलिसी जुलमाच्या चित्रणामुळे हा चित्रपट काही काळ डब्यातच पडून राहिला, यात नवल ते काय? जन्मभूमीनेच ‘तू कुठला?’ म्हणून विचारले, तर मुलाने उत्तर तरी काय द्यावे, वाचकहो?