कान्हेरीची मुद्रा आणि चीनचा कागद

प्राचीन चीनच्या शोधांविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते, त्यात दोन प्रवृत्ती आढळतात. कागद, मुद्रण, होकायंत्र व बंदुकीची दारू ही चार नावे ओळीने सांगून मोकळे होणे, ही पहिली. दुसरी आपल्या बौद्ध व्याख्यानमालांतून ऐकू येते: मुद्रणकला मुळात आपल्याच लेण्यांत जन्मली व चीनने ती उचलली, असा दावा. पहिली प्रवृत्ती केवळ आळशी आहे. दुसरी अधिक घातक आहे. कारण तिचा पुरावा आपल्या घरचा असूनही तो नीट वाचला जात नाही.

१८५३ साली एडवर्ड वेस्ट यांना कान्हेरीत वाळलेल्या मातीचे बरेच ठसे मिळाले. त्यांवर बुद्धप्रतिमा आहे आणि अस्सजी स्थविरांनी उपतिस्साला, म्हणजे पुढच्या सारिपुत्ताला, सांगितलेली हेतूविषयीची गाथा आहे. विनयपिटकाच्या महावग्गातील ही गाथा एका साच्यातून हवी तितक्या वेळा उमटवता येई. कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांनी जिथे लेणी व पाण्याच्या पोढ्या कोरविल्या, ज्या कान्हेरीच्या एका लेखात कल्याणच्या अंबालिका विहाराचा उल्लेख येतो, तिथे हे ठसे सापडावेत याचा ठाणे-कल्याणकरांना अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु या ठशांची लिपी उत्तरकालीन, सुमारे दहाव्या शतकाची मानली जाते. तुनह्वांगच्या गुहेतून ऑरेल स्टाइन यांनी १९०७ मध्ये मिळवलेल्या वज्रच्छेदिका सूत्राच्या छापील गुंडाळीवर मात्र इ. स. ८६८ ची तिथी आहे. मग कान्हेरीचा ठसा तिची जननी कसा ठरावा?

दावा फेटाळला म्हणून प्रश्न मिटत नाही. इ-त्सिंग हा चिनी भिक्षू ६७१ साली समुद्रमार्गे निघून भारतात आला व अनेक वर्षे नालंदेत राहिला. भारतातील भिक्षू आणि उपासक मातीचे चैत्य घडवतात व रेशमावर किंवा कागदावर बुद्धप्रतिमा उमटवतात, असे त्याने नोंदवले आहे. त्यातील 'कागद' या शब्दावर फार भार टाकू नये. आपले ग्रंथलेखन तेव्हा मुख्यतः ताडपत्रावर व भूर्जपत्रावर होई. पण साच्यातून वंदनीय वस्तूच्या अनेक प्रती काढणे हे पुण्यकर्म होय, ही धारणा भारतीय बौद्धांत रुजलेली होती, एवढे या नोंदीवरून निश्चित म्हणता येते. कागद चीनचा. त्साय लुन याने इ. स. १०५ मध्ये त्याची कृती दरबारात सादर केली, असे तेथील इतिहास सांगतो. पुण्याची ही कल्पना आणि हा कागद तेथे एकत्र आले.

चार शोधांच्या यादीत हेच हरवते. एकाच मजकुराच्या हजारो प्रती कोणाला व कशासाठी हव्या होत्या, हे यादी विचारीत नाही. ८६८ च्या गुंडाळीच्या शेवटी वांग च्ये नावाच्या उपासकाने ती आपल्या आईवडिलांसाठी, सर्वांना विनामूल्य वाटण्याकरिता करविल्याचे म्हटले आहे. पुण्यानुमोदनाच्या दिवशी दिवंगतांच्या स्मरणार्थ वंदनेच्या पुस्तिका वाटणाऱ्या आपल्या डोंबिवली-कल्याणच्या उपासकांना ही ओळ परकी वाटणार नाही. पुढे ९७१ ते ९८३ या काळात चीनमध्ये संपूर्ण त्रिपिटक सुमारे १,३०,००० लाकडी पाट्यांवर कोरून छापले गेले. होकायंत्र व दारू यांची कथा वेगळी. ती येथे नको.

राहिला आपल्याकडील प्रश्न. कान्हेरीत साचा होता, गाथा होती, दातेही होते. मग ग्रंथ का छापले गेले नाहीत? प्रस्तुत लेखकाच्या मते उत्तर बरेचसे कागदात आहे. तो समरकंद व इराण या वाटेने फिरून आला. 'कागद' हा आपला शब्दही फारसीतून आलेला आहे. दौलताबादजवळच्या कागदीपुऱ्यात व जुन्नरला त्याचे कारखाने चालू झाले, तोवर कान्हेरीत भिक्षुसंघ उरला नव्हता. कोकणकिनाऱ्यावर मुद्रणयंत्र उतरले ते १५५६ साली, गोव्यात, पोर्तुगीज गलबतातून.