तोफेमागचा डोळा

जपानातील १८६८-६९ च्या यादवी युद्धावर रचलेला ‘फॉल ऑफ द सामुराई’ (२०१२) हा संगणकावरील खेळ माझ्या एका माजी विद्यार्थ्याने चाकणला मला दाखविला. यात खेळणारा सेनापती असतो. उंचावरून सारे रणांगण न्याहाळून हुकूम सोडतो. परंतु मनात आले तर एखाद्या तोफेमागे जाऊन तो स्वतःच नेम धरू शकतो.

कादंबरीकाराला ही सोय ओळखीची वाटेल. सर्वसाक्षी निवेदकाने एकाएकी एका पात्राच्या डोळ्यांनी पाहू लागावे, तसेच हे. जवळून पाहण्याची किंमतही तीच. गोळा कोठे पडतो ते पाहण्यात मी गुंगलो आणि तेवढ्यात माझी डावी बगल मोडली! हा खेळाचा दोष नव्हे. त्यातला सर्वांत सच्चा क्षण हाच.

माझी तक्रार वेगळी आहे. खेळ संपल्यावर मी गावातल्या संग्रामदुर्गाकडे गेलो. १६६० मध्ये शायिस्ताखानाच्या अफाट फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्याने हा भुईकोट सुमारे दोन महिने लढविला. अखेर सुरुंगाने बुरूज उडाला, तेव्हा शत्रूला वाट मिळाली. उरलेल्या तटापाशी उभे राहिले की उमगते, नेम धरणाऱ्याचा डोळा ही युद्धाची अर्धीच कथा. पुढचा गोळा कोठे पडेल हे न कळता रात्री काढणारा शिपाई, ही उरलेली अर्धी. ते वाट पाहणे खेळात नाही. आमच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत तरी ते कितीसे आहे? मी माझ्याही त्यांत धरतो.