फिशआय फोटो जोडायच्या आधी कापू नका

पॅनोरमा शिकवताना एक सल्ला नेहमी दिला जातो: फिशआय फोटो आधी ‘स्वच्छ’ करून घ्या. म्हणजे वर्तुळाभोवतीची काळी चौकट कापा, आडवे फोटो उभे करा, मग सॉफ्टवेअरला द्या. नुसता देखावा जोडायचा असेल तर खपून जातं. पण फोटोवरून काही मोजायचं असेल, तर हा सल्ला घातक आहे.

आकड्यांत बघा. समजा फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा आहे आणि त्यात १८० अंशांचं वर्तुळ ३६०० पिक्सेल व्यासाचं आलंय. केंद्रापासूनचं अंतर कोनाच्या प्रमाणात वाढतं असं धरलं, तर एका अंशाला २० पिक्सेल. कापताना हात ४० पिक्सेल सरकला की सॉफ्टवेअरच्या लेखी लेन्सचा मध्य २ अंशांनी हलला. पाच फोटो हाताने कापले तर एकाच लेन्सच्या पाच लेन्स झाल्या! ही चूक मग फोटोंच्या दिशांमध्ये वाटली जाते आणि ब्लेंडिंग सांधे झाकून टाकतं. चित्र छान दिसतं, कोन चुकलेले असतात.

फिरवण्याचंही तेच. हगिनमध्ये आडवा दृश्यकोन फोटोच्या रुंदीवरून ठरतो. वरच्या फोटोत तो ३०० अंश येतो (दचकू नका, बाजूचा काळा भागही त्यात मोजलाय). फोटो उभा करून सेव्ह केला की रुंदी ४०००, म्हणजे २०० अंश. जुनीच किंमत राहिली तर प्रमाण दीडपट चुकतं.

हेल्मुट डर्श यांच्या पॅनोरमा टूल्समध्ये या गोष्टीचा नीट विचार आहे. त्याच्या स्क्रिप्टमध्ये दोन अक्षरं आहेत: ‘सी’ दिलं तर कापलेला तुकडा हाच फोटो मानतात, ‘एस’ दिलं तर नुसती निवड होते, गणित मूळ आकारावरच चालतं. हगिनचं क्रॉप या दुसऱ्या प्रकारचं, म्हणजे काही न कापता फक्त झाकणारं. माझी तक्रार नावाबद्दल आहे. ‘क्रॉप’ म्हटलं की नवख्याला मोबाइलमधलं कापणंच आठवणार.

राहुरी हे कृषी विद्यापीठाचं गाव. इथल्या वाचकांना फिशआय लागेल तो बहुधा झाडाखालून वर बघायला, पानांतून किती ऊन झिरपतं ते काढायला. तिथे दिशा फार महत्त्वाची. वर बघून काढलेल्या फोटोत उत्तर वरच्या बाजूला ठेवली तर पूर्व डावीकडे येते. राहुरी सुमारे १९.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ जूनला मध्यान्हीचा सूर्य डोक्यापासून ४ अंश उत्तरेला, तर २१ डिसेंबरला जवळजवळ ४३ अंश दक्षिणेला असतो. फोटो उलटा फिरला तर सूर्य भलत्याच फांद्यांमागून जाईल, आणि क्षितिजाची खूण नसल्याने डोळ्यांना ते कळणारही नाही. त्यातून कॅमेरा सरळ वर धरला की गुरुत्वाकर्षणावर दिशा ओळखणारा त्याचा सेन्सर गोंधळतो आणि ओरिएंटेशनची नोंद कशीही करतो. हगिन ‘रोल’ची सुरुवातीची किंमत त्या नोंदीवरूनच घेतं.

म्हणून कॅमेऱ्यातलं ऑटो-रोटेट बंद ठेवा, मूळ फाइलला हात लावू नका, सगळे फोटो एकाच लेन्सखाली घेऊन वर्तुळ एकदाच आखा. आणि झाडाच्या उत्तरेला एक उंच काठी रोवून तिला लाल फीत बांधा, वर्तुळाच्या कडेला दिसेल अशी. नंतर ती मास्कने झाकता येते.